मोटार्ड, क्रॉसर, स्क्रॅम्बलर: संग्रही ठेवावी अशी गाडी कोणती? (तळोज्याच्या शेडमधली ती घेऊ का?)

मातीतला_खारघरकर:
नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असतो, पण आता विचारल्याशिवाय राहवत नाही.

एक गाडी घ्यायची आहे. ऑफिसला जायला नाही, ठेवायला. अधूनमधून बाहेर काढावी, चालवावी, पुसावी आणि परत झाकून ठेवावी अशी. जात ऑफ-रोड (मातीत पळणारी) किंवा सुपरमोटोच (तशाच गाडीला डांबरी रस्त्याची लहान चाकं, हिलाच मोटार्ड म्हणतात) हवी. बुलेटबद्दल आदर आहे, ओढ नाही. सध्या तीन गाड्या डोक्यात फिरताहेत. एक नेरुळच्या काकांची हीरो इम्पल्स, २०१२ ची, एमएच ४३, सिंगल ओनर. प्लास्टिक उन्हाने विटलंय, पण सगळं कंपनीचं. ८५ हजार म्हणतात. दुसरी रबाळ्याला बांधून घेतलेली सुपरमोटो. मूळची एक्सपल्स २००, २०१९ ची कार्बोरेटरवाली. दोन्ही चाकं १७ इंची, पुढे मोठी डिस्क, सपाट सीट. बघितली की नजर हटत नाही. १ लाख ६०. तिसरी तळोजा एमआयडीसीतल्या एका शेडमध्ये ताडपत्रीखाली आहे. निळी-पिवळी हुसाबर्ग. हो, खरीखुरी. आरसी नाही, पण मालक म्हणतो "पेपर बनवून देतो". ३ लाख.

मन तिसरीत अडकलंय. बजेट ताणून साडेतीन होईल (घरी दोन सांगितलंय). तुम्ही काय केलं असतं? आणि मुळात आपल्याकडे संग्रही ठेवण्याजोगी गाडी म्हणजे कशी, यावरही लिहा.

दोनचाकी_दामू:
आधी फोटो टाका. फोटोशिवाय हुसाबर्ग म्हणजे अफवा.

मीच_तो:
इम्पल्सला ८५ हजार??? १३ पीएस, म्हणजे जेमतेम १३ घोड्यांच्या गाडीला? नवी होती तेव्हा लोक शोरूममध्ये तिच्यावर बसून बघायचे आणि बुकिंग दुसऱ्याच गाडीचं करायचे.

पेट्रोलचा_वास:
@मीच_तो, म्हणूनच तर आज ८५ हजार. जी गाडी धडाधड खपते ती पुढे संग्रहात कोण ठेवणार? इम्पल्स आली २०११ मध्ये. दीडशे सीसी, पुढे १९ इंची चाक, वर चढवलेला सायलेन्सर, खड्डा गिळणारे लांब शॉकअप. सामान्य माणसाला परवडेल अशी ऑफ-रोड वळणाची गाडी तेव्हा बाजारात दुसरी नव्हतीच. ताकद कमी पडली, गिऱ्हाईक आलं नाही, गाडी बंद झाली. मग २०१९ च्या मेमध्ये एक्सपल्स ९७ हजारांत आली आणि लोकांना कळलं की अरे, हे आपल्याला हवंच होतं की. जी आधी येऊन पडली तिची किंमत नंतर चढते.

आता हुसाबर्गबद्दल, कारण धागा वाचणाऱ्या निम्म्या लोकांना ही भानगड माहीत नसणार. हुस्क्वार्ना ही मूळची स्वीडिश कंपनी, मोटरसायकली १९०३ पासून. १९८७ मध्ये तिचा मोटरसायकल विभाग इटलीच्या काजिवाने घेतला आणि बस्तान वारेसेला हलवलं. काही इंजिनिअर म्हणाले आम्ही नाही येत. त्यांनी स्वीडनमध्येच १९८८ मध्ये हुसाबर्ग काढली आणि हलक्या फोर-स्ट्रोक एन्ड्युरो (लांब पल्ल्याच्या कच्च्या वाटेवरच्या शर्यतीच्या गाड्या) बांधायला लागले. टू-स्ट्रोकचा जमाना होता, लोकांनी वेड्यात काढलं असणार. १९९५ मध्ये केटीएमने ती घेतली. पुढे हुस्क्वार्ना २००७ मध्ये बीएमडब्ल्यूकडे आणि २०१३ मध्ये केटीएमच्या मालकाकडे गेली. एका घरात दोन स्वीडिश सुना कशाला म्हणून हुसाबर्ग २०१४ मध्ये बंद. २००९ च्या मॉडेलमध्ये तर त्यांनी सिलिंडर ७० अंशांत पुढे झोपवून क्रँक वर उचलला होता, वजन गाडीच्या मध्यावर यावं म्हणून. असलं धाडस आता कोणी करत नाही.

तेव्हा मन अडकणं स्वाभाविक आहे. पण "पेपर बनवून देतो" हे तीन शब्द वाचून माझ्या पोटात गोळा आला.

हळदीचं_पेव:
पॉपकॉर्न घेऊन बसले आहे. वकीलसाहेब कुठायत?

ॲड_घोडबंदर:
आलो. ठाणे स्टेशनवरून लिहितोय, त्रोटक वाटल्यास क्षमस्व.

बिनआरसीची गाडी दोन प्रकारची असते. पहिला प्रकार रीतसर असतो. मोटोक्रॉसच्या (मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत होणाऱ्या शर्यतीच्या) गाड्या ट्रॅकसाठीच विकतात, त्यांची नोंदणी होतच नाही. केटीएमने २०२४ च्या नोव्हेंबरात आपल्याकडे ४५० एसएक्स-एफ, ३५० ईएक्ससी-एफ वगैरे आणल्या, कावासाकीच्या केएक्स तर त्याआधीपासून मिळतात. त्यांच्या मालकाकडे शोरूमचं बिल असतं, स्वतः मागवली असेल तर कस्टमची बिल ऑफ एन्ट्री असते, आणि त्यावर चासी नंबर असतो. अशी गाडी बाळगायला काही हरकत नाही. रस्त्यावर मात्र ती चाक ठेवू शकत नाही. पाम बीचवर तर नाहीच नाही.

दुसरा प्रकार म्हणजे सुट्या भागांच्या नावाखाली आलेली किंवा कुठून आली ते कोणीच सांगत नाही अशी. वापरलेली गाडी परदेशातून आणायची तर ती ३ वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि ती मुंबई बंदरातूनच यावी लागते. हुसाबर्ग बंद झाली २०१४ मध्ये, म्हणजे आज रीतसर आयातीचा रस्ता बंद. राहिला विंटेजचा मार्ग. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेल्या गाडीला व्हीए मालिकेचा वेगळा नंबर मिळतो, फी २० हजार, नोंदणी १० वर्षांची, आणि रोजच्या वापराला मनाई. १९८८ ला जन्मलेल्या कंपनीची गाडी त्यात बसायला अजून बराच वेळ आहे.

मग "पेपर बनवून देतो" याचा अर्थ एकच उरतो. भंगारात गेलेल्या कुठल्यातरी गाडीची आरसी आणि तिचा नंबर या चासीवर. तो गुन्हा आहे, आणि उद्या पकडले जाल ते तुम्ही, बनवून देणारा नाही.

मातीतला_खारघरकर:
धन्यवाद वकीलसाहेब. म्हणजे बिल ऑफ एन्ट्री दाखवली तर शोभेची म्हणून घेता येईल? दिवाणखान्यात ठेवली तर?

दोनचाकी_दामू:
दिवाणखान्यात ठेवायला लिफ्टमध्ये मावायला हवी. आणि वहिनी घरात मावायला हव्यात. :)

कोलशेतचा_धुरळा:
सगळ्यांची मतं वाचली. माझं वेगळं आहे. संग्रह कसला करताय राव, गाडी चालवायची असते. २०२५ मध्ये केटीएमची ३९० एन्ड्युरो आर ३ लाख ३६ हजाराला (एक्स-शोरूम) आली. आरसीसकट, वॉरंटीसकट. पुढे २१, मागे १८ इंची चाक. पैसे तेवढेच, डोक्याला ताप नाही. आणि पैशांची मस्तीच असेल तर डुकाटीची हायपरमोटार्ड ६९८ मोनो घ्या, एकाच सिलिंडरची ६५९ सीसी, ७७.५ अश्वशक्ती, आपल्याकडे साडेसोळा लाखांना लागली होती. कारखान्यातून आलेली सुपरमोटो आहे, कुणाच्या गॅरेजमध्ये वेल्डिंग केलेली नाही.

जुना_खडखडाट:
@कोलशेतचा_धुरळा, शोरूममधून उद्याही मिळेल त्याला संग्रह म्हणत नाहीत, त्याला खरेदी म्हणतात.

आमच्या वेळी (हो, आता सुरू झालं) मोटोक्रॉस म्हणजे येझ्दी, राजदूत आणि नंतर आरएक्स १०० आणि शोगन. गाडी शोरूमची, बाकी सगळं आपलं. मडगार्ड काढायचं, हँडलला आडवी दांडी वेल्ड करायची, मागचं स्प्रॉकेट (साखळीचं दातेरी चाक) मोठं बसवायचं, सायलेन्सर वर उचलायचा. शर्यत झाली की सोमवारी त्याच गाडीला पुन्हा मडगार्ड लावून कामावर. त्यातल्या किती उरल्या? जवळपास एकही नाही. सगळ्या कापल्या, झिजवल्या, भंगारात घातल्या. आज कोणी मला त्या काळातली मोटोक्रॉसला बांधलेली येझ्दी, बांधणाऱ्याच्या हातची, जशीच्या तशी दाखवली तर मी हुसाबर्गकडे ढुंकून बघणार नाही.

अवांतर: रॉयल एनफील्डने २०१९ मध्ये बुलेट ट्रायल्स आणली होती, ३५० आणि ५००. वर्षभरात गायब. लोक हसले की टायर बदलून दीड-दोन लाख. पण त्यामागची गोष्ट खरी आहे. १९४८ च्या इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायलमध्ये बुलेटनेच मागच्या स्विंगआर्मचा शॉकअप चालतो हे दाखवून सुवर्णपदकं नेली होती, आणि जॉनी ब्रिटनने १९५२ आणि १९५७ ची स्कॉटिश सिक्स डेज बुलेटवर मारली. पुढे १९६५ मध्ये तीच स्पर्धा सॅमी मिलरने बुल्टाको शेर्पावर जिंकली आणि जड फोर-स्ट्रोकचं राज्य संपलं. ट्रायल्स कोणाकडे असेल तर विकू नका. विकायचीच तर मला निरोप धाडा.

मीच_तो:
काका, ट्रायल्स म्हणजे स्टिकर मारलेली बुलेट होती. ७०० रुपयांच्या टायरला इतिहास चिकटवला.

जुना_खडखडाट:
सातशेत टायर कुठे मिळतो तेवढं सांग, दोन घेतो.

लेथमास्तर_रबाळे:
ती एक्सपल्स कोणी बांधली ते बहुतेक मला माहीत आहे (मी नाही, आधीच सांगतो). माझा लेथ आहे, हब, स्पेसर, बुश ही कामं रोजची. तेव्हा मोजमापाचं बोलतो.

एक्सपल्सला पुढे ९०/९०-२१ टायर. उभं धरून मोजलं तर चाक साधारण ६९५ मिमी भरतं. तिथे ११०/७०-१७ घातला की ५८६. म्हणजे अ‍ॅक्सल जमिनीच्या साडेपाच सेंटिमीटर जवळ आला. मागे १२०/८०-१८ जाऊन १३०/७०-१७ आला तर फक्त पावणेदोन सेंटिमीटर खाली. गाडीचं नाक पावणेचार सेंटिमीटर जास्त झुकलं. १४१० मिमीच्या व्हीलबेसवर (दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर) म्हणजे शॉकअप दीड अंश उभे झाले, आणि चाकच लहान म्हणून ट्रेल (पुढच्या चाकाला सरळ धरून ठेवणारं माप) त्याहून कमी झाला. गल्लीत मजा येते, नुसतं बघितलं तरी गाडी वळते. मुंब्रा बायपासवर नव्वदला हँडल थरथरायला लागतं तेव्हा कळतं.

आता बांधणारे काय करतात, गाडी "बसकी" दिसावी म्हणून वर शॉकअपही टीमधून (शॉकअपच्या नळ्या धरणारा हँडलखालचा भाग) दोन इंच वर सरकवतात. काही बहाद्दर तर नळ्या कापतात. नाक आणखी खाली! खऱ्या सुपरमोटोत हे सगळं धरून शॉकअपचा प्रवास, स्प्रिंग, मागची उंची बसवलेली असते. केटीएमची ६९० एन्ड्युरो आर आणि ६९० एसएमसी आर घ्या, इंजिन आणि चासी एकच, पण चाकं आणि शॉकअप वेगळे.

दुसरं, मीटरला वेग पुढच्या चाकाकडून जात असेल तर काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी ६७ ला असेल. गाडी सुसाट पळते असं मालक सांगत असेल तर त्याचं कारण हेही असू शकतं. तिसरं, एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) रिंग. मोठी डिस्क लावताना रिंग काढून ठेवली असेल तर मीटरवर पिवळा दिवा पेटलेला राहतो. दिवाच दिसत नसेल तर बल्ब काढलाय का ते बघा. ते जास्त वाईट.

खारघरकर, जाऊन तीन गोष्टी बघून या: नळ्या कापल्यात की नुसत्या सरकवल्यात, मागची सबफ्रेम (सीटखालची चौकट) कापलीय का, आणि जुनी २१-१८ ची चाकं मालकाकडे आहेत का.

दोनचाकी_दामू:
बल्ब काढलाय का बघा, हे वाचून चहा नाकातून आला.

अनघा_नेरुळ:
त्या इम्पल्सवाल्या काकांना मी ओळखते. (नेरुळ पूर्व, स्टेशनजवळची सोसायटी ना? आणि गाडी लाल?) घेणार असाल तर थोडं जपून बोला त्यांच्याशी. मागच्या वर्षी एक मुलगा बघायला आला आणि उत्साहात म्हणाला की काका, मी हिचं हे सगळं काढून स्क्रॅम्बलर (रस्त्याच्या गाडीला मातीचा साज) करणार. काकांनी चावी परत मागून घेतली. कापणार नसाल तरच देतील.

मीही इम्पल्स चालवते, म्हणून थोडं माहितीचं. इंजिन ही चिंता नाही, कुठलाही मेकॅनिक डोळे मिटून उघडतो. चिंता आहे प्लास्टिकची. बाजूचे पॅनल, पुढचं चोच मडगार्ड, हेडलाइटचं कव्हर. काउंटरवर मिळत नाही; कुर्ल्याच्या सीएसटी रोडला भंगारातून शोधावं लागतं आणि तिथेही एक लाल, एक पांढरा असं मिळतं. काकांच्या गाडीचं प्लास्टिक नुसतं विटलं असेल, तडकलं नसेल, तर ८५ हजार जास्त नाहीत. तडा बघायचा तो पॅनलच्या खालच्या बाजूला, जिथे रबरी बुशमध्ये खुंटी बसते तिथे. ती खुंटी तुटली की पॅनल केबल टायवर लटकतं आणि मग कोणी काही म्हणा, ती गाडी ओरिजिनल राहत नाही.

आणि उंचीबद्दल कोणीच बोललं नाही. मी पाच फूट एक. एक्सपल्सच्या प्रो व्हेरिएंटची सीट ८९१ मिमी आहे, मी तिच्यावर चढते, उतरायला स्टूल लागतं. ज्यांना हे ऑफ-रोड प्रकरण आवडतं पण पाय टेकत नाहीत त्यांच्यासाठी १७ इंची चाकांची गाडी वरदान आहे. लेथमास्तरांना चालत नसेल तरी.

लेथमास्तर_रबाळे:
ताई, चालतं. नळ्या न कापता केलं तर अगदी चालतं.

खाडीकाठचा_बगळा:
गाड्यांमधलं मला कळत नाही, पण हा धागा वर दिसला म्हणून लिहितो. संग्रह करा, सजवा, आनंद आहे. पण "चालवून बघायला" म्हणून येऊर आणि खारघरच्या डोंगरात जाऊ नका. येऊर राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीला लागून आणि बरंचसं आतच आहे, तिथे पायवाटेवर मोटरसायकल घालणं हा वन्यजीव कायद्याचा विषय होतो. रविवारी सकाळी आम्ही पक्षी बघायला जातो आणि टाळकं फिरेल असा आवाज येतो. पाणथळीच्या बांधावर टायरच्या चाकोऱ्या पडलेल्या मी स्वतः पाहिल्यात. टिटवीची अंडी उघड्या जमिनीवर असतात हो.

कोलशेतचा_धुरळा:
मान्य. पण मग चालवायचं कुठे तेही सांगा. ठाण्यात एक ट्रॅक नाही. सुपरक्रॉसची लीग २०२४ ला सुरू झाली तर पहिली फेरी पुण्याला बालेवाडीत, पुढची अहमदाबाद, बंगळुरू. आपल्या वाट्याला घोडबंदरचे खड्डे.

मीच_तो:
घोडबंदर हाच ट्रॅक आहे. गायमुखचा घाट पावसाळ्यात म्हणजे डकार. हरिथ नोआने २०२४ मध्ये डकार रॅलीचा 'रॅली २' गट जिंकला, त्याचा सराव इथेच झाला असावा. ;)

पेट्रोलचा_वास:
हसू नका, सुपरमोटोचा जन्मच अशा मिसळीतून झालाय. १९७९ मध्ये अमेरिकेत एबीसी वाहिनीला प्रश्न पडला की रोड रेसवाला, मोटोक्रॉसवाला आणि मातीच्या ओव्हलवर पळणारा यांच्यात भारी कोण. मग कॅलिफोर्नियाच्या कार्ल्सबाडला डांबर, माती आणि उड्या एकत्र करून ट्रॅक आखला आणि तिघांना एकत्र सोडलं. लोकांनी मोटोक्रॉसच्या गाड्यांना रस्त्याची चाकं लावली. कार्यक्रम १९८५ मध्ये बंद पडला, अमेरिका विसरली, फ्रेंचांनी उचलून धरलं. म्हणजे सुपरमोटो मुळातच गॅरेजात जुळवलेली गाडी आहे. कारखान्यांनी ती नंतर काढली. त्यामुळे कोलशेतकरांचं "कुणाच्या गॅरेजमध्ये वेल्डिंग केलेली" हे दूषण मला भूषण वाटतं. प्रश्न फक्त कोणी केली आणि मागे काय शिल्लक ठेवलं एवढाच.

आणि कारखान्याची म्हणून घ्याल तर सगळ्याच सुखाच्या नसतात. एप्रिलियाची एसएक्सव्ही आठवा, ४५० आणि ५५० सीसी, व्ही-ट्विन, मोटोक्रॉसच्या अंगात. दिसायला अप्सरा. सर्व्हिसिंग किलोमीटरवर नाही, इंजिनच्या तासांवर मोजायचं. खरी एन्ड्युरो आणि मोटोक्रॉसही तशीच. "फक्त २ हजार किलोमीटर" ऐकून हुरळू नका, त्या इंजिनाला ते आयुष्य असू शकतं. तळोज्याच्या हुसाबर्गबाईचंही तेच.

ॲड_घोडबंदर:
एक्सपल्सबद्दल राहून गेलं. मोटर वाहन कायद्याचं कलम ५२: आरसीतला तपशील कारखान्याच्या मूळ रचनेशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२अ आलं, त्यात मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. "प्रत्येक बदलामागे" हे शब्द परत वाचा आणि त्या गाडीवर काय काय बदललंय ते मोजा. विम्याला कळवलेलं नसेल तर अपघातानंतर दावा अडकतो तो वेगळाच.

म्हणून बांधलेली गाडी घ्यायचीच असेल तर मूळ भागांसकट घ्या. परत जशी होती तशी करता आली पाहिजे. नाहीतर तुम्ही १ लाख ६० देऊन एक चालता-बोलता पुरावा घरी आणताय.

उलवेवाला:
गाडी कुठलीही घ्या, ठेवणार कशी ते बघा. खाडीचा वारा क्रोमला जिवंत सोडत नाही. शॉकअपचे रबरी बूट खाली सरकवून नळी बोटाने चाचपा, खरखर लागली की सील जाणारच. टाकीत टॉर्च मारून बघा. महिनाभर उभी करणार असाल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते हवेतली ओल ओढतं, आणि जुन्या गाडीचे रबर त्या हिशोबाने बनलेले नाहीत. पॉलिथिनचं कव्हर तर अजिबात घालू नका, आत घाम धरतो. जुनी सुती चादर बरी.

हळदीचं_पेव:
सोसायटीचा सेक्रेटरी कशाने झाकायचा ते कोणी सांगाल का? आमच्याकडे दुसऱ्या टू-व्हीलरला पार्किंगच देत नाहीत.

दोनचाकी_दामू:
त्यालाच गाडीवरून एक चक्कर मारून आणा.

मातीतला_खारघरकर:
सगळ्यांचे आभार. अपडेट देतो.

तळोज्याला जाऊन आलो. ताडपत्री काढल्यावर पहिली पाच मिनिटं मी काही विचारलंच नाही, नुसता बघत राहिलो. मग बिल ऑफ एन्ट्री मागितली. मालक म्हणाला, ती ज्याच्याकडे होती तो दुबईला गेला. हँडलखाली स्टिअरिंग हेडच्या उजव्या बाजूला चासी नंबर असतो तिथे टॉर्च मारला. बाकी फ्रेमचा रंग जुना, टवके उडालेला, आणि तेवढ्याच चार बोटांच्या जागेवर रंग नवा, गुळगुळीत. नखाने खरवडलं तर खाली कानस मारल्याच्या रेषा. मी टॉर्च बंद केला आणि नमस्कार करून निघालो. मागून हाक आली, "अडीचला घ्या". थांबलो नाही.

दोनचाकी_दामू, फोटो काढले नाहीत. त्या गाडीच्या भानगडीत माझा फोन कुठेच नको.

एक्सपल्सही पाहिली. मास्तर, नळ्या कापलेल्या नाहीत, टीमधून सरकवल्यात, साधारण बोटभर. सबफ्रेम मात्र मागून कापलीय आणि गोल पाइपचा लूप वेल्ड केलाय. जुनी चाकं माळ्यावर आहेत, टायरसकट. मीटरवर पिवळा दिवा पेटलेला होता, म्हणजे माणूस प्रामाणिक निघाला. स्पोकही वाजवून बघितले, पुढच्या चाकाचे दोन-तीन बद्द वाजले.

लेथमास्तर_रबाळे:
स्पोकचं काही नाही, आउट काढून ताणून घेतले की झालं. सबफ्रेम कापली ते वाईट. दुसरी वेल्ड करता येईल, पण कारखान्याची ती कारखान्याची. १ लाख ६० बिलकुल देऊ नका. चाकांसकट लाखाच्या आत मिळाली तर बघू, शॉकअप खाली घेऊन मागची उंची आपण जुळवू.

पेट्रोलचा_वास:
माझं मत इम्पल्सला. बांधलेली गाडी तुम्हाला कधीही बांधून मिळेल, मास्तर इथेच आहेत. न कापलेली इम्पल्स दर वर्षी एकेक कमी होतेय.

जुना_खडखडाट:
पहिल्यांदाच वासरावांशी सहमत. तारीख नोंदवून ठेवा.

कोलशेतचा_धुरळा:
मी अजूनही म्हणतो ३९० घ्या. पण ऐकणार कोण.

मातीतला_खारघरकर:
काल काकांकडे गेलो. अनघाताईंचं नाव सांगितल्यावर चहा मिळाला. उजव्या पॅनलची खालची खुंटी शाबूत, डाव्याची तुटलीय पण तुकडा काकांनी डबीत जपून ठेवलाय! टूलकिट, दुसरी चावी, सर्व्हिस बुक सगळं आहे. त्यांनी एकच विचारलं, सायलेन्सर बदलणार का? नाही म्हटलं. मग ८० वर आले. हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही लावून घेतलीय त्यांनी. ॲडव्होकेट साहेब, एकाच आरटीओतली गाडी आहे, खारघर पनवेलमध्ये येतं आणि नेरुळ वाशीत. एनओसी लागेल का?

ॲड_घोडबंदर:
वाशीचं एमएच ४३, पनवेलचं एमएच ४६, म्हणजे एक आरटीओ नव्हे, दोन. नंबर तोच राहील, पण हस्तांतरणाची कागदपत्रं नीट करा: फॉर्म २९ आणि ३०, काकांची सही आरसीवरच्या सहीशी जुळणारी, कधीकाळचं कर्ज असेल तर फॉर्म ३५. आणि गाडी २०१२ ची आहे, २०२७ मध्ये १५ वर्षं होऊन नोंदणीचं नूतनीकरण येईल, फिटनेस आणि पर्यावरण करासकट. तो खर्च आत्ताच काकांशी बोलून घ्या.

अनघा_नेरुळ:
तुटलेली खुंटी फेकू नका. प्लास्टिकच आहे, बंपर दुरुस्त करणारे गरम तार घालून पक्की जोडून देतात. सानपाड्याला एक जण करतो, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

मीच_तो:
८० हजार. १३ पीएस.

काही नाही, नुसतं म्हटलं. काकांना अजून एखादी इम्पल्स माहीत आहे का विचारा.